५,००० प्रेक्षकांचं क्रीडागृह एसीविना चालेल का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. एका संस्थेला ५,००० आसनांचं बंदिस्त क्रीडागृह बांधायचं आहे. रोज बॅडमिंटन-व्हॉलीबॉलचा सराव, वर्षातून काही मोठ्या स्पर्धा, अधूनमधून गाण्याचे कार्यक्रम आणि समारंभ. एसी नको. ताशी १० वेळा हवा बदलली पाहिजे असं धरून आर्किटेक्टनी छतावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली हवा ओढणारे गोल घुमट) आणि भिंतींत खिडक्या सुचवल्या आहेत. विचारणाऱ्यांना हवंय ते असं: १० हा आकडा बरोबर आहे का, आणि व्हेंटिलेटर किती लावायचे?

व्हेंटिलेटरची संख्या सगळ्यात शेवटी येते. मला कुणी असं ड्रॉइंग दाखवलं की मी आधी प्लॅन बाजूला ठेवतो आणि सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, मागतो. वारा पूर्ण थांबलेला आहे, हॉल खच्चून भरलेला आहे, संध्याकाळचे सात वाजलेत. अशा वेळी सर्वांत वरच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोक्याशी तापमान किती असेल? डिझाइन या एका प्रश्नावर उभं राहतं किंवा पडतं. मैदानावर खेळणाऱ्याला, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना सहसा काही जाणवत नाही. घुसमटतो तो वरचा माणूस.

एक गोष्ट मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहे आणि तिला पर्याय नाही. नैसर्गिक वायुवीजनाने आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली जात नाही. ते बाहेरच्याच्या किती जवळ ठेवता येईल एवढंच आपल्या हातात असतं. त्यामुळे वर्षाची सरासरी बघू नका. ज्या महिन्यांत आणि ज्या वेळेला तुमचे मोठे कार्यक्रम होतात, त्या तासांचं तापमान आणि आर्द्रता काढा. त्या तासांना बाहेर २८ अंश असेल तर आत ३१ ठेवून आणि अंगावर थोडा वारा देऊन काम भागतं. बाहेर ३६ असेल तर कितीही झरोके ठेवा, तुम्ही गरम हवाच आत घेताय. अशा ठिकाणी कार्यक्रमाची वेळ किंवा महिना बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो, पण तो बैठकीत क्वचितच कुणी मांडतं.

आता त्या १० च्या आकड्याकडे येऊ. ताशी किती वेळा हवा बदलते हे माप लहान खोल्यांसाठी ठीक आहे, मोठ्या हॉलला ते फसवं ठरतं. समजा तुमच्या हॉलचं क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर आणि सरासरी उंची १५ मीटर, म्हणजे आकारमान ६०,००० घनमीटर. ताशी १० बदल म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ घनमीटर हवा. छत निम्म्यावर आणलं तर त्याच नियमाने ८३ पुरेल. माणसं तीच, उष्णता तीच, आणि हवा निम्मी? उलट बाजूने पाहा: सकाळी चाळीस मुलं सराव करत असतानाही हा नियम १६७ घनमीटरच मागतो, आणि तेवढ्या हवेत कुणाचंही शटल सरळ जाणार नाही. म्हणून मी हवा बदलाच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही. उष्णतेपासून करतो.

उष्णताच का, कार्बन डायऑक्साइड का नाही, असं कुणी विचारेल. स्वस्थ बसलेला माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमच्या हॉलमध्ये माणशी १२ घनमीटर जागा आहे. सगळ्या झडपा बंद ठेवल्या आणि हवा नीट मिसळत राहिली, तर पातळी बाहेरच्यापेक्षा १,००० पीपीएमने (दहा लाख भागांत १,००० भागांनी) वर जायला सुमारे ४० मिनिटं लागतील. म्हणजे मोठं आकारमान ही एक प्रकारची उधारी आहे, काही वेळ ती चालते. पण उष्णतेच्या बाबतीत ही उधारी फार लवकर संपते. तोच माणूस साधारण ७० वॅट कोरडी उष्णता सोडतो (घामाच्या वाफेतून जाते ती वेगळी), आणि १२ घनमीटर हवा एका अंशाने तापवायला त्याला साडेतीन मिनिटंही लागत नाहीत. भिंती आणि पायऱ्या काही उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी दिसतो. तरी क्रम तोच राहतो: आधी उकाडा, मग कोंदटपणा. उष्णता बाहेर काढण्याइतकी हवा खेळली की कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न आपोआप सुटतो.

तर हिशेब मांडू. ५,००० प्रेक्षक गुणिले ७० वॅट, म्हणजे ३५० किलोवॅट. दिव्यांचे ५० धरा. एलईडी असतील आणि टीव्हीवरच्या प्रक्षेपणाची पातळी नको असेल तर यापेक्षा कमीही चालतील. मैदानावरचे खेळाडू कितीही घाम गाळू देत, या बेरजेत ते नगण्य. मग उरतं छत, आणि बहुतेक प्रकल्प इथेच हरतात. उन्हात तापलेला नुसता पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. तो हवा तर तापवतोच, शिवाय खाली बसलेल्यांच्या डोक्यावर सरळ उष्णता फेकत राहतो. भर दुपारी अशा छतातून प्रत्येक चौरस मीटरला शंभरावर वॅट आत येऊ शकतात. ४,००० चौरस मीटरला म्हणजे ४०० किलोवॅट किंवा जास्त. प्रेक्षकांपेक्षाही छत जड झालं. तेच छत फिक्या रंगाचं आणि नीट इन्सुलेशन केलेलं असेल तर १०-१२ वॅटवर येतं, म्हणजे एकूण पन्नासेक किलोवॅट. वायुवीजनावर एक पैसा खर्च करण्याआधी छताचं इन्सुलेशन पक्कं करा. नंतर बजेट कमी पडतंय म्हणून ते कापायचा प्रस्ताव येईल, तेव्हा अडून बसा.

एकूण झाले सुमारे ४५० किलोवॅट. आतली हवा बाहेरच्यापेक्षा सरासरी ३ अंशच वर राहावी असं ठरवलं तर सेकंदाला सुमारे १२५ घनमीटर हवा लागते. माणशी २५ लिटर. ताशी साडेसात बदल, म्हणजे आर्किटेक्टचा आकडा फार चुकला होता असंही नाही. फक्त तो कुठून आला ते कुणाला सांगता आलं नसतं.

ही हवा ढकलणार कोण? वारा नसेल तर एकच बळ उरतं: गरम हवा हलकी असते आणि वर चढते. हवा आत घेणाऱ्या खालच्या तोंडांच्या मध्यापासून ती बाहेर सोडणाऱ्या वरच्या तोंडांच्या मध्यापर्यंत १५ मीटर उंची आणि ३ अंशांचा फरक धरला, तर मिळणारा दाब पावणेदोन पास्कलच्या आसपास असतो. हा किती क्षुल्लक आहे ते कळण्यासाठी टोकियो डोम हे जपानमधलं बंदिस्त स्टेडियम आठवा. तिथलं कापडी छत आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.३ टक्के जास्त असतो, म्हणजे सुमारे ३०० पास्कल, आणि तो टिकवायला फिरती दारं लागतात. आपल्याकडे त्याचा शंभरावा हिस्साही नाही. एवढ्याशा दाबावर १२५ घनमीटर हलवायचे तर खाली सुमारे १७० चौरस मीटर आणि वर तितकंच मोकळं तोंड लागतं. मोकळं म्हणजे खरोखर मोकळं. पाऊस अडवणाऱ्या लूव्हरमधून, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्यातून, निम्मं क्षेत्र मिळालं तरी नशीब, आणि मागे बारीक जाळी लावली की तेही घटतं. म्हणजे भिंतीत साडेतीनशे चौरस मीटर लूव्हर. तुमच्या आकाराच्या हॉलभोवती फिरणारा जवळजवळ दीड मीटर उंचीचा अखंड पट्टा झाला हा.

आता टर्बो व्हेंटिलेटर. ६०० मिलिमीटर व्यासाच्या व्हेंटिलेटरचा गळा पाव चौरस मीटरपेक्षा थोडाच मोठा असतो. १७० चौरस मीटर भरायला असे ६०० लागतील. वारा असेल तर ते फिरून थोडी जास्त हवा ओढतात हे खरं, पण आपण धरलेली संध्याकाळ वारा पडलेली आहे. छताला सहाशे भोकं पाडून प्रत्येक भोकाभोवती गळती सांभाळत बसण्यापेक्षा कण्यावर, म्हणजे छताच्या सर्वोच्च रेषेवर, लांबच लांब उंचावलेला मॉनिटर, म्हणजे छतावरचं दुसरं छोटं छप्पर, काढा. दोन्ही बाजूंना झडपा आणि समोर वारा अडवणारा आडोसा द्या. गोदामासाठी टर्बो व्हेंटिलेटर चांगली वस्तू आहे. ५,००० माणसांसाठी नाही.

याच हिशेबात एक सवलत दडलेली आहे. ३ ऐवजी ५ अंशांची वाढ चालवून घेतली तर दोन गोष्टी एकदम घडतात: हवा कमी लागते, आणि तीच हवा ढकलणारं बळ वाढतं. त्यामुळे १७० चौरस मीटरचे थेट ८० च्या आसपास होतात, निम्म्याहून कमी. सोसता येईल अशी वाढ किती, हा निर्णय म्हणूनच मालकाने सुरुवातीलाच घ्यायचा असतो. तो कन्सल्टंटवर सोडला की कन्सल्टंट स्वतःला सुरक्षित वाटेल तो आकडा धरतो आणि इमारत फुगते.

वाऱ्याचं काय, असं वाटत असेल. तीन मीटर प्रति सेकंद वारा सरळ भिंतीवर आला तर पाचेक पास्कलचा दाब देतो, म्हणजे उंचीच्या बळाच्या दोन-तीन पट. मोह होतो. पण हवामान खात्याचा वारा मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. तुमच्या आजूबाजूला इमारती आणि झाडं असतील तर खालच्या झडपांपाशी त्यातला निम्माही पोचेल याची खात्री नाही. ॲमस्टरडॅमच्या अरेना स्टेडियमवर संगणकीय अभ्यास झाला होता. वाऱ्याची दिशा बदलली की आतला हवाबदल खूप बदलतो, आणि भोवतालच्या इमारती मॉडेलमधून वगळल्या तर आकडा भलताच फुगतो, असं त्यात दिसलं. मी वाऱ्याला बोनस समजतो. मात्र तो विरोधात जाणार नाही याची काळजी घेतो, कारण वरची तोंडं वाऱ्याच्या समोर आली तर वर चढणारी गरम हवा तो परत आत ढकलतो. छताचा उतार कमी असेल तर बहुतेक दिशांना छतावर ओढच असते, म्हणून कण्यावरची तोंडं भिंतीच्या वरच्या पट्टीतल्या तोंडांपेक्षा भरवशाची. भिंतीतच ठेवायची असतील तर समोरासमोर दोन्हीकडे ठेवा आणि वाऱ्याकडची बाजू बंद करता येईल अशी सोय करा.

आता त्या वरच्या माणसाकडे वळू. हॉलमध्ये कुठेतरी अशी एक उंची असते जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. तिच्या खालच्या तोंडांतून हवा आत येते, वरच्यांतून बाहेर जाते. खालची तोंडं २ मीटरवर, वरची १७ मीटरवर आणि क्षेत्रफळ सारखं असेल, तर ही पातळी मध्यावर येते, साडेनऊ मीटरला. तुमच्या शेवटच्या रांगेतली डोकी ११ मीटरच्या आसपास असतील. म्हणजे त्या रांगेमागे ठेवलेलं प्रत्येक दार आणि पायऱ्यांखालची प्रत्येक जाळी ताजी हवा घ्यायची सोडून गरम हवा बाहेर टाकायला लागते. एका सभागृहात वरच्या प्रेक्षागृहाच्या दारात मी टिश्यू पेपरची पट्टी धरून उभा होतो. ती सरळ बाहेरच्या बोळाकडे फडकत होती. पाच पायऱ्या खाली उतरून मधल्या दारात धरली तर लोंबतच राहिली, आणि तळमजल्याच्या दारात आत वळली. वर चढून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर गरम झोत बसत होता. व्यवस्थापनाचा समज असा की दारं उघडी ठेवली म्हणून हवा खेळतेय. खेळत होतीच, फक्त त्यांच्याच प्रेक्षकांच्या डोक्यांवरून.

वरची तोंडं खालच्यांच्या १.४ पट केली की ही पातळी दोन-तृतीयांश उंचीवर चढते, म्हणजे १२ मीटरला. शेवटची रांग निसटती वाचली. पण निसटतीच. त्या पातळीच्या एक मीटर खाली हवा आत ढकलणारा दाब असतो पास्कलचा आठवा भाग. कुणी दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, की तो पुसला जातो. वरच्या रांगांना पायाखालून ताजी हवा देण्याची सुंदर ड्रॉइंग मी पुष्कळ पाहिली आहेत. निव्वळ नैसर्गिक बळावर ती वरच्या चार-पाच रांगांना जवळजवळ कधीच लागू पडत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या वापरासाठी पूर्ण नैसर्गिक, भरलेल्या कार्यक्रमासाठी कण्यावर एक्झॉस्ट पंखे. याला तडजोड म्हणायचं असेल तर म्हणा. पंख्याने आत वीसेक पास्कलची ओढ तयार केली की समान दाबाची ती पातळी छताच्याही वर निघून जाते आणि हॉलमधलं प्रत्येक तोंड हवा आत घेऊ लागतं, शेवटच्या रांगेमागचं दारसुद्धा. खर्च किती? १२५ घनमीटर हवा ४० पास्कलविरुद्ध हलवायला, पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरूनही, १० किलोवॅट लागतात. जाळ्या आणि आवाज शोषणाऱ्या पेट्या वाढल्या तर २० धरा. तुमचे दिवे याहून जास्त वीज खातील. एसीशी तर तुलनाच नको. शिवाय पंख्यांमुळे लूव्हरचा तो दीड मीटरचा पट्टा बराच कमी करता येतो, कारण आता दाब पावणेदोन पास्कलचा राहिला नाही. पंखे बंद असताना त्यांच्याच बाजूच्या झडपा नैसर्गिक तोंडं म्हणून उघड्या राहतील अशी मांडणी करा. पंखेच वाट अडवून बसले असं होऊ देऊ नका.

इथवरचं एका दमात: छताचं इन्सुलेशन, चालवून घ्यायची तापमानवाढ, उंचीवर आधारलेली तोंडं, वरची खालच्यांपेक्षा मोठी, आणि भरगच्च दिवसांसाठी पंखे. आता ज्या दोन वापरांमुळे हे सगळं अडचणीत येतं त्यांच्याकडे.

पहिला बॅडमिंटन. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. टेबल टेनिसचा चेंडू तर २.७ ग्रॅमचाच. कोर्टावर हवेचा वेग साधारण ०.२ मीटर प्रति सेकंदाच्या खाली ठेवावा असं डिझाइनमध्ये धरतात. आपल्या खालच्या तोंडांतून हवा येते पाऊण मीटर प्रति सेकंदाने. ती तोंडं मैदानाच्या पातळीवर, कोर्टाकडे बघत असतील तर खेळाडू पहिल्याच दिवशी तक्रार करतील, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी झडपा कायमच्या बंद करून टाकेल. मार्ग असा: हवा बाहेरून आधी प्रेक्षागृहाखालच्या बोळात घ्या. तिथे तिचा वेग मोडू द्या, आणि मग पायऱ्यांच्या उभ्या पृष्ठातून, आसनांखालून, सोडा. माणशी २५ लिटर हवा एक-दशांश चौरस मीटर जाळीतून सोडली तर वेग पाव मीटर प्रति सेकंद होतो. बाहेर पडताच ती प्रेक्षकांच्या अंगाची ऊब घेते आणि वर उठते, कोर्टाकडे जात नाही. बोळ मात्र ऐसपैस हवा. त्यात तिकीट खिडकी, सामानाची कोठी, फलकांचे ढीग आले की वाट बुजते, आणि ड्रॉइंगवर कुणाच्याच लक्षात येत नाही. सरावाच्या वेळी माणसं कमी, उष्णता कमी. तेव्हा झडपा पाव उघड्या ठेवल्या तरी पुरे. म्हणून झडपा टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या हव्यात. नुसत्या चालू-बंद नकोत.

दुसरा वापर गाण्याचे कार्यक्रम. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून आणि रंगमंचासाठी अंधार हवा म्हणून आयोजक नेमक्या त्याच रात्री सगळी तोंडं बंद करायला लावतात ज्या रात्री हॉल सगळ्यात गरम असतो. त्यात प्रेक्षक बसलेले नसतात, उभे राहून नाचत असतात, म्हणजे माणशी उष्णता वाढते. आवाज शोषणारे लूव्हर मिळतात, पण त्यांचा विरोध पावणेदोन पास्कलला पेलत नाही. पंख्यांना पेलतो. असे कार्यक्रम खरोखर होणार असतील तर आवाज शोषणाऱ्या पेट्या बोळाच्या तोंडाशी आणि पंख्यांपाशी पहिल्यापासून ड्रॉइंगमध्ये घ्या. नंतर बसवायला जागा नसते. वर्षातून एखादाच कार्यक्रम होणार असेल तर मी सरळ सांगेन, त्यासाठी हॉल घडवू नका. तो थंड महिन्यात घ्या.

लंडनच्या २०१२ ऑलिम्पिकच्या व्हेलोड्रोमचं, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागृहाचं, उदाहरण हमखास दिलं जातं. सुमारे ६,००० आसनं, केबलच्या जाळ्यावर तोललेलं हलकं छत, लाकडी आवरणातल्या फटींतून येणारी हवा. आहेच ते सुंदर. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तिथे बाहेरची हवा उन्हाळ्यातही बहुतेक वेळा सौम्य असते. दुसरं म्हणजे सायकलपटूंना धावपट्टीवर हवा गरमच लागते, कारण गरम हवा विरळ आणि तिचा विरोध कमी. त्यांची गरज आणि नैसर्गिक वायुवीजनाचा स्वभाव जुळून आला. ते आवरण जसंच्या तसं उचलून ३५ अंशांच्या शहरात बसवलं तर उरेल फक्त आवरण.

अंगावरच्या वाऱ्याबद्दल थोडं. ०.८ मीटर प्रति सेकंद झुळूक अंगावरून गेली की माणसाला तापमान सुमारे ३ अंशांनी उतरल्यासारखं वाटतं. मोठ्या पात्यांचे संथ छतपंखे हे काम छान करतात, आणि सात मीटर व्यासापर्यंत मिळतात. मात्र ते ताजी हवा आणत नाहीत, असलेलीच ढवळतात. भरलेल्या हॉलमध्ये ते वरचा गरम थर खाली प्रेक्षकांवर आणून घालतात, म्हणून एक्झॉस्ट सुरू असल्याशिवाय ते लावू नयेत. बॅडमिंटनच्या वेळी अर्थातच बंद.

रात्रीच्या गारव्याचा विषय मी जास्त ताणत नाही. दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंश किंवा जास्त फरक असेल तर रात्री झडपा उघड्या ठेवून काँक्रीटच्या पायऱ्या थंड करून ठेवाव्यात, फायदा होतो. पण मर्यादा ओळखा. ३,००० चौरस मीटर काँक्रीट हवेपेक्षा ३ अंशांनी थंड असेल तर ते साधारण ५०-६० किलोवॅट इतक्याच वेगाने उष्णता ओढू शकतं. ४५० पैकी ५०. शिवाय रात्री झडपा उघड्या ठेवायच्या म्हणजे पाऊस, चोरी आणि पाखरं यांचा बंदोबस्त आला.

तीच खरी रोजची लढाई. कबुतरं एकदा आत शिरली की पुढच्या आठवड्यात कुणीतरी बारीक जाळी ठोकतं, वर्षभरात ती धुळीने भरते आणि कागदावरची मोकळी जागा निम्म्यावर येते. जाळी पहिल्यापासून हिशेबात धरा. पक्ष्यांपुरती मोठ्या छिद्रांची, बाहेरून काढून धुता येईल अशी, आणि तिथपर्यंत माणूस सुरक्षित पोचेल असा कॅटवॉक, म्हणजे छताजवळची अरुंद चालवाट. कण्यावरच्या झडपांना मोटर हव्यात, पाऊस-वाऱ्याचे सेन्सर हवेत, आणि हाताने चालवायची सोयही हवी. मुख्य म्हणजे त्या चालवण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाका. ज्या इमारतीत झडपांची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही, तिथे त्या पहिल्या पावसाळ्यातच बंद होतात.

आगीच्या धुराचे व्हेंट आणि ही तोंडं एकच करता येतात, पैसे वाचतात, पण ते गृहीत धरू नका. धुरासाठी लागणारं क्षेत्रफळ, वीज गेली तरी उघडण्याची हमी, उष्णता सहन करणारे पंखे या वेगळ्या अटी आहेत. अग्निसुरक्षेच्या तज्ज्ञाला पहिल्या सेक्शनपासून सोबत बसवा.

सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकीय मॉडेल, करावं का? करावं, पण वरचा हिशेब हाताने जुळल्यावर. सेक्शनच चुकला असेल तर रंगीत चित्रं काढून तो सुधारत नाही. करून घ्याल तेव्हा तीन स्थिती मागा: वारा शून्य आणि हॉल भरलेला, भोवतालच्या इमारतींसकट नेहमीच्या दिशेचा वारा, आणि सराव चालू असताना कोर्टावरचा वेग. पहिली स्थिती न करता दिलेला अहवाल स्वीकारू नका.

आणि इमारत उभी राहिल्यावर पहिल्या भरगच्च कार्यक्रमाला साधे तापमान नोंदवणारे लॉगर लावा: एक मैदानालगत, एक मधल्या रांगेत, एक शेवटच्या रांगेत डोक्याच्या उंचीवर, एक बाहेर सावलीत. शेवटच्या रांगेतला लॉगर मैदानालगतच्यापेक्षा चार अंशांहून जास्त दाखवत असेल तर लगेच नवीन पंखे मागवू नका. आधी वरच्या दारांत कागदाची पट्टी धरून हवा कुठे जातेय ते पाहा. ती बाहेर जात असेल तर ती दारं बंद ठेवा आणि कण्यावरच्या सगळ्या झडपा खरोखर पूर्ण उघडतात का ते वर चढून तपासा. त्यातली एखादी ओळ अर्धवट अडकलेली सापडण्याची शक्यता बरीच असते.